साइज बदलली की मशीन का रडतं? ओव्हररॅपिंग मशीनवर वेगवेगळ्या मापाचे बॉक्स चालवायची तयारी, नवीन लोकांसाठी

पॅकिंगला नवीन लागलेल्या पोरांना मशीन चालू-बंद करायला एका दिवसात शिकवतात, पण साइज बदलायची वेळ आली की "तू थांब, सेटर येऊ दे" असं ऐकायला मिळतं. मग सेटर येतो, पाने काढतो, खाली वाकून मनातल्या मनात काहीतरी मोजतो, चार ठिकाणी सैल करतो, सहा ठिकाणी आवळतो, ढीगभर फिल्म वाया जाते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुठे माल नीट निघायला लागतो. यात सेटरचा काही दोष नाही, त्याच्या हातात मशीनच तसं दिलंय. घेतलं एका मापासाठी, नंतर मार्केटिंगवाल्यांनी पाच मापं आणली, आणि दिवाळी जवळ आली की उटणं-तेल-साबणाचे गिफ्ट पॅक वेगळेच.

मी इथे लिहितोय ते चहा, अगरबत्ती, परफ्यूम, साबण, औषधं असल्या बॉक्सवर चकचकीत बीओपीपी फिल्म (पॉलिप्रॉपिलीनची पातळ प्लास्टिक फिल्म) गुंडाळणाऱ्या मशीनबद्दल, ज्याला बरेच जण अजून सेलोफेन मशीनच म्हणतात. श्रिंकचं मशीन वेगळं, त्याचा विषय शेवटी थोडक्यात घेतो. आणि आधीच सांगतो, "फ्लेक्सिबल" म्हटलं की लोक लगेच सर्वो मोटरचं (सांगितलं तेवढंच नेमकं फिरणारी मोटर) कोटेशन मागवतात, पण सर्वो ही यादीत बरीच खालची गोष्ट आहे. खरा खेळ बॉक्सच्या मापात आहे.

आधी मशीन काय करतं ते बघून घ्या

कव्हर लावून चालवतानाच काचेतून बघा, शक्य असेल तर इंचिंगवर (बटण दाबलं तेवढंच थोडं थोडं मशीन हलवत) हळूहळू. बॉक्स लिफ्टवर येतो. वर फिल्मचा कापलेला तुकडा आडवा धरलेला असतो. लिफ्ट बॉक्स वर ढकलते आणि फिल्म बॉक्सच्या डोक्यावरून दोन्ही बाजूंनी खाली लोंबते, मग खालून पट्ट्या येऊन ती टोकं बॉक्सच्या पोटाखाली एकमेकांवर दुमडतात आणि हीटर तिथे लांब सील मारतो. आता बॉक्स फिल्मच्या नळीत बसला, पण नळीची दोन्ही तोंडं उघडी आहेत. बॉक्स पुढे सरकतो तसं आधी उभ्या कडांची घडी आत जाते, मग वरची आणि खालची घडी एकावर एक बसते, शेवटी बाजूचे हीटर ती चिकटवतात. घरी आपण वाढदिवसाच्या भेटीला कागद गुंडाळतो अगदी तीच घडी.

माप घेताना गोंधळ नको म्हणून या लेखापुरतं ठरवून टाकू. नळीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत ती लांबी, आडवं अंतर ती रुंदी, आणि बॉक्स लिफ्टवर बसल्यावर खालपासून वरपर्यंत ती उंची. तुमच्या मॅन्युअलमध्ये नावं वेगळी असतील तर मॅन्युअलचीच नावं वापरा, फक्त सगळ्या शिफ्टनी एकच वापरा.

पायरी १ : ड्रॉइंगवरचं माप विसरा, भरलेला बॉक्स मोजा

कार्टनच्या ड्रॉइंगवर ५० उंची लिहिलेली असते, पण आत पाउच भरून तोंड चिकटवल्यावर मधे पोट फुगतं आणि व्हर्निअर ५१-५२ दाखवतो. मशीनला तो फुगलेला बॉक्सच भेटणार आहे. प्रत्येक साइजचे वेगवेगळ्या लॉटमधले दहा-बारा भरलेले बॉक्स घ्या, तिन्ही मापं घ्या, कडेला आणि मधे दोन्हीकडे, आणि सगळ्यात मोठं-सगळ्यात लहान लिहून ठेवा. काटकोनही बघा, सपाट टेबलावर गुण्याला लावून, कारण तिरका बसलेला बॉक्स एका टोकाला चांगली घडी देतो आणि दुसऱ्या टोकाला कान काढतो, म्हणजे फिल्मचा कोपरा घडीबाहेर राहतो.

एकाच साइजमध्ये दोन मिमीचा फरक दिसला तर मशीनला हात लावू नका, आधी प्रिंटरवाल्याशी बोला. दोन वेगवेगळ्या प्रिंटरकडून कार्टन येत असतील तर कार्टन कापायच्या डायमधला फरक हमखास असतो, त्यात पावसाळ्यात पुठ्ठा दमट होतो, क्रीजवर नीट मोडत नाही, आणि ऑपरेटर बिचारा दिवसभर गाइड (बॉक्सला दोन्ही बाजूंनी सरळ धरणाऱ्या पट्ट्या) मागे-पुढे करत बसतो. असल्या बॉक्सवर कुठलंही सेटिंग दुपारपर्यंत टिकत नाही.

पायरी २ : प्रत्येक साइजला लागणारी फिल्म कागदावर काढा

हिशोब सोपा आहे, कॅल्क्युलेटरही नको.

फिल्मची कापायची लांबी = रुंदी आणि उंचीची बेरीज, तिची दुप्पट, अधिक खालच्या सीलचा ओव्हरलॅप.
फिल्म रोलची रुंदी = बॉक्सची लांबी अधिक उंची, अधिक टोकाच्या घडीचा ओव्हरलॅप.

ओव्हरलॅप किती हवा ते मशीनवर आणि हीटरच्या रुंदीवर ठरतं, इथे समजायला दोन्हीकडे १० मिमी धरू. आता चार बॉक्स घ्या, लांबी-रुंदी-उंची या क्रमाने.

अ : १५० × १०० × ५०. कापायची लांबी ३१०, रोल २१०.
ब : १५० × ८० × ५०. कापायची लांबी २७०, रोल २१०.
क : १५० × १०० × ७०. कापायची लांबी ३५०, रोल २३०.
ड : १८० × १०० × ५०. कापायची लांबी ३१०, रोल २४०.

रोल बरोबर आहे का ते ताडून बघायचं असेल तर अ घ्या. २१० मधून १५० गेले, ६० उरले, म्हणजे प्रत्येक टोकाला वरून ३० आणि खालून ३० मिमी फिल्म बाहेर राहते. उंची ५०. दोन घड्या मिळून ६०, म्हणजे १० मिमी एकमेकांवर चढतात. जमलं.

आता नीट बघा. अ वरून ब ला जाताना रोल तोच राहिला, फक्त कापायची लांबी बदलली. अ वरून ड ला जाताना कापायची लांबी तीच, रोल बदलला. पण अ वरून क ला गेलात, म्हणजे नुसती उंची २० मिमीने वाढवलीत, तर दोन्ही बदललं. आणि गोष्ट फिल्मवरच थांबत नाही. वरची दाब-प्लेट उचलायची, वरचा बेल्ट उचलायचा, आणि टोकाच्या घड्या जिथे एकमेकांवर बसतात ती रेषा वर सरकते, कारण बॉक्स खालच्या पट्टीवर टेकलेला असतो, ५० च्या बॉक्सची मधली रेषा २५ वर आणि ७० च्या बॉक्सची ३५ वर, म्हणजे घडी घालणारे नांगर १० मिमी हलवायचे. रुंदीला दोन-तीन सेटिंग, लांबीला दोन-तीन सेटिंग, उंचीला ही सगळी रांग. सेटरचा घाम निघतो तो उंचीवर.

पायरी ३ : उंची गोठवता येते का ते विचारा

ही पायरी बहुतेक ठिकाणी कुणी करतच नाही, कारण बॉक्सचं माप ठरवणारा माणूस ऑफिसात बसतो आणि मशीन सेट करणारा खाली, आणि दोघांची भेट फक्त माल अडकला की होते. पण पैसे न घालता मिळणारी फ्लेक्सिबिलिटी इथेच आहे.

वरचा क बॉक्स घ्या. १५० × १०० × ७०, घनफळ १०५० घन सेमी. तेवढंच घनफळ ५० उंचीत बसवायचं तर रुंदी १४० करा, १५० × १४० × ५०, बरोबर १०५०. याची कापायची लांबी ३९० आणि रोल तोच २१०. फिल्म किती जास्त जाते बघा, आधी ३५० × २३० म्हणजे ८०,५०० चौरस मिमी, आता ३९० × २१० म्हणजे ८१,९००, फरक पावणेदोन टक्क्यांच्या आत. बदल्यात रोल बदलणं गेलं, दाब-प्लेट गेली, नांगर गेले. फुकट मात्र नाही हां, बॉक्सचं सहा बाजूंचं क्षेत्रफळ ६५,००० वरून ७१,००० वर जातं, म्हणजे पुठ्ठा नऊ टक्क्यांच्या आसपास जास्त, आणि आत बाटली उभी ठेवायची असेल तर हा सगळा हिशोब बादच. म्हणून निर्णय पर्चेस आणि मार्केटिंगला बरोबर घेऊनच करायचा, पण त्यांच्यासमोर हा कागद ठेवा, नुसतं "सेटिंगला वेळ लागतो" म्हटलं तर कोणी ऐकत नाही.

अगदीच उंची एक होत नसेल तर दोन उंच्यांचे दोन गट करा आणि प्लॅनिंगवाल्याला सांगा की एका गटातले सगळे जॉब एकामागे एक लाव. सोमवारी ५० वाले, बुधवारी ७० वाले. अ, क, ब, क अशी उडी मारत चालवलं तर कुठलंच मशीन पुरं पडणार नाही.

पायरी ४ : एक पूर्ण चेंजओव्हर (साइज बदल) मोबाइलवर शूट करा

स्टँडवर मोबाइल लावा आणि जुन्या साइजचा शेवटचा चांगला बॉक्स निघाल्यापासून नव्या साइजचा पहिला चांगला बॉक्स निघेपर्यंत चालू ठेवा. मशीन बंद केल्यापासून चालू केल्यापर्यंतचा वेळ धरू नका, ती फसवणूक आहे, कारण चालू झाल्यावर जो अर्धा तास "ट्रायल" चालतो तोच खरा मोठा असतो. शूटिंगच्या आधी सेटरला सांगा की तुझी चूक काढायला करत नाहीये, नाहीतर तो त्या दिवशी मुद्दाम पळापळ करतो आणि तुम्हाला खोटा वेळ मिळतो.

मग चहा घेत त्याच्याबरोबरच व्हिडिओ बघा आणि प्रत्येक कामापुढे लिहा, हे मशीन चालू असताना आधीच करता आलं असतं का? रोल स्टोअरमधून आणणं, अ‍ॅलन की शोधणं, चेंज पार्ट (साइजप्रमाणे काढून-घालायचे पार्ट) पुसणं, नव्या साइजचे कार्टन लाइनजवळ लावणं, सुपरवायझरची सही, हे सगळं आधी होऊ शकतं. मशीन थांबल्यावरच होणारी कामं यादीत थोडीच उरतात.

ही पद्धत जपानच्या शिगेओ शिंगो यांनी बसवली, एसएमईडी (सिंगल मिनिट एक्स्चेंज ऑफ डाय) म्हणतात तिला. १९६९ मध्ये टोयोटाच्या १००० टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागायचे, ते आधी दीड तासावर आले आणि नंतर तीन मिनिटांवर. आपल्याकडे तीन मिनिटं लगेच होणार नाहीत, होऊ देत हळूहळू, पण नुसती ट्रॉली आदल्या तासात भरून ठेवली तरी फरक डोळ्याने दिसतो.

पायरी ५ : पाने कमी करा

मशीनभोवती फिरून सेटिंगसाठी सैल होणारे सगळे बोल्ट मोजा. बहुतेक मशीनवर ५, ६, ८ च्या अ‍ॅलन की, वर १३ आणि १७ चे पाने, असा सगळा बाजार असतो. साइज बदलताना लागणारे जेवढे बोल्ट आहेत तिथे हाताने आवळायचे क्लॅम्प लिव्हर किंवा नॉब बसवा. जिथे लिव्हर बसत नाही तिथे निदान सगळे बोल्ट एकाच कीचे करा, आणि ती की साखळीने मशीनलाच बांधा, हसू नका, चोरीला जात नाही म्हणून नाही तर शोधावी लागत नाही म्हणून.

एम ८ चा बोल्ट एका आट्याला सव्वा मिमी सरकतो. १० मिमी आत गेलेला बोल्ट पूर्ण काढायला आठ आटे, परत लावायला आठ, आणि खरं आवळणं होतं ते शेवटच्या एका आट्यात. म्हणून बोल्ट पूर्ण काढायची गरजच पडू नये असं करा, पार्टला उघडी खाच पाडा, बोल्ट एक आटा सैल केला की पार्ट सरकून बाहेर. टूल रूममध्ये तासाभराचं काम आहे.

लिव्हर लावताना एकच काळजी, लिफ्ट आणि पुशर (बॉक्स पुढे ढकलणारा पार्ट) असल्या धक्के खाणाऱ्या जागी लिव्हर कंपनाने सैल होतात, तिथे बोल्टच राहू द्या.

पायरी ६ : अंदाज बंद, आकडा सुरू

गाइडवर मार्करने मारलेल्या रेघा, त्यावर अजून रेघा, एकीवर "चहा" लिहिलेलं आणि दुसरीवर काय ते कुणालाच वाचता येत नाही, हे दृश्य प्रत्येक कारखान्यात आहे. प्रत्येक हलणाऱ्या गाइडला पोझिशन इंडिकेटर लावा, हँडव्हीलच्या शाफ्टवर बसतो तो आकडे फिरणारा छोटा काउंटर. किंमत फार नाही, आणि एका साइजवर परत येताना जो वेळ वाचतो त्यात पैसे वसूल.

इंडिकेटर मागवताना मात्र स्क्रूचा पिच (एका फेरीत किती मिमी सरकतो) सांगावा लागतो, आणि इथे नवीन माणूस हमखास अडतो. समजा गाइडच्या स्क्रूचा पिच ४ मिमी आहे आणि त्यावर एका बाजूला उजवे, दुसऱ्या बाजूला डावे आटे आहेत, म्हणजे हँडव्हील फिरवलं की दोन्ही गाइड एकदम आत येतात. एका फेरीत प्रत्येक गाइड ४ हलतो पण मधलं अंतर ८ ने बदलतं. रुंदी १०० वरून ८० करायची तर २० भागिले ८, अडीच फेऱ्या. इंडिकेटर असा घ्या की तो एका फेरीला ८ मोजेल आणि सरळ मधलं अंतर दाखवेल, म्हणजे ऑपरेटरला डोक्यात गणित नको. शक्य तिथे असा उजवा-डावा स्क्रूच घ्या, बॉक्सची मधली रेषा जागची हलत नाही आणि पुढच्या लिफ्ट-पुशरचं सेटिंग वाचतं.

दुसरी गोष्ट, स्क्रूमध्ये ढिलाई असते. उघडत ८१.५ वर आणलेला आणि मिटत ८१.५ वर आणलेला गाइड एकाच जागी नसतो, जुन्या मशीनवर अर्धा मिमी सहज फरक पडतो. म्हणून नियम करा, आकडा नेहमी मिटतानाच गाठायचा. पुढे गेलात तर चार-पाच मिमी उघडा आणि परत मिटत या. हा नियम मशीनवर चिकटवा.

गाइडचं अंतर बॉक्सपेक्षा किती जास्त? दोन्ही बाजू मिळून एक ते दीड मिमी मोकळी ठेवून सुरुवात करा, आणि बॉक्सचं माप म्हणजे पायरी १ मधलं सगळ्यात मोठं माप, ड्रॉइंगचं नाही.

पायरी ७ : चेंज पार्ट की अ‍ॅडजस्टमेंट?

यावर लोक भांडतात. माझं मत असं की चार-पाच ठरलेल्याच साइज असतील तर लिफ्टचा प्लॅटफॉर्म आणि टोकाची घडी घालणारे नांगर हे सरळ चेंज पार्ट ठेवा, दोन डॉवेल पिनवर (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) बसणारे, म्हणजे बसवले की जागा शंभर टक्के तीच. अ‍ॅडजस्टमेंट दिली की कुणीतरी ती करत बसतोच, रात्रपाळीचा वेगळी आणि दिवसपाळीचा वेगळी. साइज पंधरा-वीस असतील किंवा दर महिन्याला नवीन येत असतील तर मात्र चेंज पार्टचं कपाट भरून जातं, तिथे अ‍ॅडजस्टमेंटच बरी.

प्रत्येक साइजला एक रंग ठरवा, त्या साइजचे सगळे पार्ट, रोलचा टॅग आणि सेटिंग शीट त्याच रंगात. ट्रॉलीवर प्रत्येक पार्टच्या आकाराची खाच पाडा, एक जागा रिकामी दिसली की पार्ट कुठेतरी राहिला. आणि डॉवेल पिन उलटसुलट बसू नये म्हणून दोन पिना वेगवेगळ्या व्यासाच्या घ्या, ८ आणि १०, मग पार्ट उलटा लावताच येत नाही.

पायरी ८ : फिल्म किती खेचायची

जुन्या मशीनवर कापायची लांबी गिअर बदलून बदलते. नवी साइज आली की नवा गिअर करून आणा. सर्वो लावायचा असेल तर पहिला सर्वो इथे लावा, बाकी कुठे लावायच्या आधी. खेचणाऱ्या रोलरचा व्यास ६० मिमी असेल तर परीघ १८८.५, म्हणजे ३१० मिमी फिल्मसाठी रोलर साधारण ५९२ अंश फिरायला हवा, पीएलसी (मशीनचा कंट्रोलर) हा हिशोब स्वतः करतं, ऑपरेटर स्क्रीनवर फक्त ३१० टाकतो.

पण रोलर फिरला म्हणजे फिल्म तेवढी आलीच असं नाही. रबर गुळगुळीत झालं किंवा दाब कमी पडला की फिल्म घसरते, आणि स्क्रीनवर ३१० असून तुकडा ३०६ निघतो. म्हणून नवीन साइज लावल्यावर पहिले तीन-चार तुकडे काढून स्टीलच्या पट्टीने मोजा.

फिल्मवर छपाई असेल तर गोष्ट वेगळी. छापील फिल्मवर आय-मार्क (खुणेचा छापील ठिपका) ठरलेल्या अंतरावर असतो आणि फोटोसेल (तो ठिपका ओळखणारा सेन्सर) बघून त्यावरच कापलं जातं, म्हणजे ती फिल्म त्याच एका कापायच्या लांबीची झाली, सर्वो असो वा नसो. खूप साइज चालवायच्या असतील तर छपाई कार्टनवर आणि फिल्म साधी पारदर्शक, यावर अडून बसा. टिअर टेप (ओढून फिल्म फाडायची पट्टी) चालते, ती सलग असते.

हिवाळ्यात हवा कोरडी झाली की कापलेला तुकडा स्टॅटिकने पट्टीला चिकटतो आणि तिरका जातो. लहान साइजचा हलका तुकडा जास्त त्रास देतो. आयनायझर बार (स्टॅटिक घालवणारी पट्टी) लावा, विषय संपला.

पायरी ९ : हीटर

बीओपीपी सहसा ११० ते १४० अंशांच्या आसपास सील होते, नेमकी रेंज फिल्मवाल्याच्या डेटाशीटवर असते. साइजनुसार तापमान बदलत बसू नका, हीटरचा लोखंडी ठोकळा थंड व्हायला इतका वेळ घेतो की बाकी सगळं पाच मिनिटांत झालं तरी तुम्ही त्याच्याकडे बघत उभे. एकच फिल्म, एकच तापमान, आणि सील कच्चं वाटलं तर आधी स्पीड बघा, कारण स्पीड वाढला की हीटरपाशी फिल्मला वेळ कमी मिळतो.

बाजूच्या हीटरची प्लेट सगळ्यात उंच बॉक्सला पुरेल एवढी उंच करून घ्या. मघाशी म्हटलं तसं ५० च्या बॉक्सची घडी २५ वर आणि ७० ची ३५ वर, तर १५ ते ४५ झाकणारी प्लेट दोघांनाही चालते आणि एक सेटिंग कायमचं गेलं. प्लेटवरचा टेफ्लॉन टेप फाटला की फिल्म ओढली जाते, तो शनिवारी बदलायच्या यादीत टाका. आणि प्लेटजवळ हात घालायचा तर मेन स्विच बंद, कुलूप, आणि प्लेट थंड. कटर आणि लिफ्ट हेही तसंच. "फक्त एक सेकंद" म्हणून कव्हरचा इंटरलॉक (कव्हर उघडलं की मशीन थांबवणारा स्विच) तार लावून बायपास केलेलं मशीन कुठे दिसलं तर तिथे सेटिंग शिकू नका.

पायरी १० : आता सर्वो आणि रेसिपी

इथपर्यंतचं झालं असेल तरच. नाहीतर मोटर लावून चुकीच्या जागी लवकर पोचाल एवढंच.

मधला स्वस्त रस्ता आहे. इलेक्ट्रॉनिक पोझिशन इंडिकेटर घ्या, जे पीएलसीला जोडलेले असतात. रेसिपी (एका साइजचे साठवलेले सगळे आकडे) निवडली की प्रत्येक हँडव्हीलवर जायचा आकडा दिसतो, ऑपरेटर हाताने फिरवतो, जागेवर आलं की हिरवा दिवा, आणि सगळे हिरवे झाल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. दिवसाला एक-दोन चेंजओव्हर असतील तर हे पुरतं. पूर्ण मोटराइज्ड अ‍ॅक्सिस घ्यायचे ते दिवसाला सात-आठ बदल असतील तिथे.

रेसिपीत काय जातं: गाइडचं अंतर, दाब-प्लेटची उंची, नांगराची उंची, फिल्मची कापायची लांबी, स्पीड, हीटरचं सेट तापमान. नाव द्यायचं प्रॉडक्ट कोडचं. "नवीन चहा २ फायनल" असली नावं सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाहीत. बदल करायचा पासवर्ड सेटर आणि सुपरवायझरकडे, ऑपरेटरला निवडायचा हक्क. मोटर हलायच्या आधी आत बॉक्स अडकलेला नाही हे सेन्सरने तपासलं पाहिजे, नाहीतर गाइड मिटताना आतला बॉक्स चिरडतो आणि वर स्क्रू वाकतो. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर मागा, लाइट गेली तरी जागा लक्षात राहते, दर वेळी होमिंग (शून्यावर नेऊन परत जागा शोधणं) नको. आणि रेसिपीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर, शिवाय एक प्रिंट कपाटात.

पायरी ११ : पहिले बॉक्स

नवीन साइज लावल्यावर कमी स्पीडला थोडे बॉक्स काढा, तपासा, मग वाढवा. काय दिसलं तर कुठे बघायचं ते साधारण असं:

फिल्म ढिली, बॉक्सवर सुरकुत्या, तर कापायची लांबी जास्त आहे किंवा वरची दाब-प्लेट वर राहिली. टोकाला एका बाजूने कान बाहेर, तर फिल्म मधोमध नाही, रोलची कड सरकवा. दोन्ही टोकांना सारखेच कान, तर नांगराची उंची. खालचं सील मधे चिकटतं आणि कडेला सुटतं, तर हीटर समांतर नाही. बॉक्सचे कोपरे दबले, तर गाइड घट्ट, पण त्याआधी तो बॉक्स मोजा, कारण बऱ्याचदा बॉक्सच मोठा असतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि शीटवर लिहा. दोन गोष्टी एकदम हलवल्या आणि माल चांगला निघाला तर कशाने निघाला हे देवाला माहीत, आणि पुढच्या वेळी परत तेच.

ओव्हररॅपिंग कधी सोडून द्यायचं

दिवाळीचा गिफ्ट पॅक, तीनशे-चारशे नग, माप एकदाच येणारं, यासाठी हे सगळं करू नका. त्याला एल-सीलर (एल आकाराच्या फ्रेमने फिल्म सील करून कापणारं मशीन) आणि श्रिंक टनेल (गरम हवेचा बोगदा) घ्या, फिल्म पीओएफ, म्हणजे गरम झाली की आक्रसणारी. तिथे बॉक्स सीलिंग फ्रेममध्ये मावला की झालं, बाकी ढिली फिल्म टनेलमध्ये आक्रसून बसते, सेटिंग जवळपास नाहीच. दिसायला ओव्हररॅपिंगसारखी टोकाची घडी येत नाही, कोपऱ्यांना थोडी गाठ दिसते, परफ्यूमवाल्यांना चालत नाही, मिठाईच्या बॉक्सला कोणी विचारत नाही.

नवीन मशीन घेणार असाल तर

कोटेशनवर "साइज रेंज ५० ते २५० मिमी" लिहिलेलं असतं ते वाचून खुश होऊ नका. त्या रेंजमध्ये प्रत्येक साइजला वेगळे चेंज पार्ट लागतात का, आणि त्यांची किंमत धरलीय का, हे लेखी घ्या. मशीन बघायला जाताना स्वतःचे भरलेले बॉक्स आणि स्वतःची फिल्म घेऊन जा, त्यांचे सँपल बॉक्स नेहमीच सुरेख असतात. आपल्यातलाच एक ऑपरेटर बरोबर न्या आणि बदल त्याच्याच हातून करून घ्या, त्यांच्या एक्सपर्टच्या नाही. आधी अ, मग क, म्हणजे उंची बदलणारा सगळ्यात अवघड बदल, घड्याळ लावून. आणि तिथेच न थांबता परत अ वर या. शीटवरचे जुने आकडे लावल्याबरोबर पहिल्याच काही बॉक्समध्ये माल चांगला निघाला तरच सही करा, आणि नाही निघाला तर उरलेलं पेमेंट तसंच ठेवून संध्याकाळची गाडी पकडा.